कॅरिअरवरचा डबा

नाना,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. आपण पाटाच्या रस्त्याने सायकलवर फिरायला जायचो तेव्हा कॅरिअरवरचा डबा रिकामा असायचा, असं मी लिहिलं होतं. सुरुवातीची काही वर्षं सोडली तर तो रिकामा नसायचा. त्यात मूठभर ज्वारी असायची. फरक थोडाच आहे, पण डबा खरंच रिकामा असता तर शेजारच्या मावशींच्या पोळ्या फाटल्या नसत्या आणि तुम्हाला त्यांच्या दारात ओशाळून उभं राहावं लागलं नसतं. म्हणून आधी दुरुस्ती. चूक दिसली की सरळ एक रेघ मारून खोडायची आणि वर नीट लिहायचं, गिरवून गिरवून झाकायची नाही, हे तुमचंच शिकवणं. या पत्रातही तीन ठिकाणी रेघा आहेत.

जळगावचं आपलं घर वसाहतीच्या शेवटच्या ओळीत होतं. मागे कापसाचं शेत, शेतापलीकडे पाट, आणि पाटाच्या कडेने बाभळींच्या सावलीतून जाणारा मातीचा रस्ता. तुम्ही ऑफिसातून यायचात, चहा घ्यायचात, आणि तुमचं लक्ष त्या रस्त्याकडे लागायचं. पण मध्ये ओट्यावर आबा बसलेले असायचे. तुमचे वडील, धुळ्याकडचे शेतकरी, म्हातारपणी आपल्याकडे आलेले. आबांनी आयुष्यात कधी रिकामी बैलगाडी जुंपली नव्हती. शेतात जाताना खत, येताना चारा. रिकामं चाक फिरताना दिसलं की त्यांना कसंतरी व्हायचं. आई सांगते, लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही सायकल काढलीत तेव्हा आबांनी विचारलं, "कथा चालना?" कुठे निघालास, असं. तुम्ही म्हणालात, "जरा फिरून येतो." आबा उठून उभे राहिले आणि काळजीने म्हणाले, "काही हारपनं का?" म्हणजे काही हरवलं असेल तरच माणूस असा फिरतो. तुम्ही सायकल परत स्टँडवर लावली. दुसऱ्या दिवशी कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्टीने दळणाचा डबा बांधलेला होता आणि आबांनी काहीच विचारलं नाही.

तो डबा पत्र्याचा होता, कडीचा, एका बाजूला पोचा आलेला. मी बरीच लहान असल्यापासून माझी जागा पुढे दांडीवर होती आणि डब्याची मागे. शाळेच्या फाटकाशी नेलं की मला उलटी व्हायची, म्हणून पहिलं वर्ष मी घरीच शिकले, हे तुम्हाला आठवत असेल. आईने परातीत पीठ पसरून अक्षरं शिकवली. आकडे तुम्ही शिकवलेत, पाटाच्या कडेच्या दगडांवरचे. जाताना चढते, येताना उतरते. पुढे शाळेत बाईंनी उलटे आकडे म्हणायला सांगितले तेव्हा वर्गात मी एकटीच न अडखळता म्हणाले, कारण माझ्या दृष्टीने ते उलटे आकडे नव्हतेच, ते घरी येणं होतं.

तुम्ही सायकल इतकी हळू चालवायचात की म्हशी आपल्या पुढे निघून जायच्या. म्हशींच्या मागचा म्हातारा दर दोन-तीन दिवसांनी विचारायचा, "नाना, चाकमा हवा नही का?" तुम्ही म्हणायचात, "आहे ना, पुरेशी आहे." मग मला सांगायचात की जोरात सायकल कोणीही चालवतं, हळू चालवायला तोल लागतो. बगळा दिसला की थांबायचं. पाण्यातून कोणाची तरी चप्पल वाहत आली तर ती दिसेनाशी होईपर्यंत थांबायचं. पाटाच्या वळणावर एक मोरी होती, तिथे पाण्याला भोवरा पडायचा, तिथे तर थांबायचंच. आपण कुठेच पोहोचायचो नाही. अंधार पडायच्या आत परत. आबा ओट्यावरच असायचे, डब्याकडे बघत. एकदा त्यांनी आईला विचारलं, "बठ्ठं पीठ एकच दिनमा सरी जास का?" म्हणजे सगळं पीठ एकाच दिवसात संपतं का. आई म्हणाली, "खाणारे आहेत ना, आबा." आता ते आठवलं की मला जाणवतं, आई खोटं बोलली नव्हती. खाणारे होतेच.

तुम्ही माझ्यावर रागावलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मोरीपाशी तुमचे साहेब भेटले. ते बायकोबरोबर फिरायला आले होते. साहेबांना फिरायची मुभा होती, त्यांना कोणी विचारत नसे. त्यांनी कौतुकाने माझा गाल ओढला आणि विचारलं, "डब्यात काय नेतेस गं?" मी म्हणाले, "काहीच नाही. हा आमचा फिरायचा डबा आहे." साहेब खूप हसले. तुम्हीही हसलात, पण तुमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घरी येईपर्यंत तुम्ही बोलला नाहीत, म्हशीवाल्याशीसुद्धा. मग ओट्यामागे नेऊन म्हणालात, "विचारलं तेवढंच सांगावं." मी म्हणाले, "तुम्हीच म्हणता, खोटं बोलायचं नाही." मग कोठीतून मूठभर ज्वारी आणलीत, डब्यात टाकलीत, झाकण लावलंत आणि विचारलंत, "आता डब्यात काय आहे?"

"ज्वारी."

"खरं की खोटं?"

"खरं."

"मग झालं," तुम्ही म्हणालात, आणि तुमच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मलाही वाटलं, एक मोठा प्रश्न सुटला. माझं सगळं नीतिशास्त्र तिथून सुरू होतं, नाना. आजही मला ऑफिसात कोणी विचारलं, "झालं का काम?" तर मी "हो" म्हणण्याआधी काहीतरी मूठभर झालंय ना, हे मनात तपासून घेते.

मूठभर ज्वारीने पुढे घोटाळा केला तो असा. डबा रोज जाताना दिसतो म्हटल्यावर शेजारच्या मावशी एक दिवस फाटकाशी गव्हाचा डबा घेऊनच उभ्या राहिल्या. "नाना, रोज जाताच आहात, तर तेवढं आमचंही आणा. बारीक सांगा." नाही कसं म्हणणार? नाही म्हणायचं तर आपण गिरणीत जात नाही, हे सांगावं लागलं असतं. तुम्ही त्यांचा डबा हँडलला अडकवलात आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण पाट सोडून गिरणीकडे वळलो. गिरणीवाल्याने दोन्ही डबे उतरवून घेतले. आपल्या डब्यात डोकावला, तुमच्याकडे बघितलं, आणि गरीब माणसाला न दुखावता मदत करावी तशी ती मूठभर ज्वारी मावशींच्या गव्हात ओतून दळून टाकली. मग त्यातलंच थोडं पीठ आपल्या डब्यात घातलं. तुम्ही बघत होतात. मीही बघत होते. दुसऱ्या दिवशी मावशी लाटलेली पोळी हातावर घेऊनच दारात आल्या. पोळी कडेने फाटली होती. "नाना, गिरणीवाल्याने काय कालवलं हो यात?" तुम्ही त्यांच्याबरोबर त्यांच्या दारापर्यंत गेलात, काहीतरी पुटपुटलात, आणि आपल्या घरातले गहू देऊन आलात. गिरणीवाल्याचं नाव तुम्ही घेऊ दिलं नाहीत. पण खरं काय ते सांगितलंही नाहीत.

त्यानंतर सगळी ओळच दळण देऊ लागली. नाना रोज गिरणीत जातात, नानांना नाही म्हणता येत नाही, हे वसाहतीत पसरलं. आपण दोन डबे, कधी तीन, घेऊन गिरणीत बसायचो, अंगावर पीठ उडायचं, आणि पाटावर जायला उजेड उरायचा नाही. तुम्ही एकदा गिरणीच्या बाकावर बसून हळूच म्हणालात, "आपलं फिरणं यांच्या जात्यात गेलं बघ." मग तुम्ही युक्ती केलीत. दळण दिवसाआड, एक दिवस गिरणी, एक दिवस पाट. पाटाच्या दिवशी आपण मागच्या बाजूने, कापसातून सायकल ढकलत न्यायचो. डबा तेव्हाही बरोबर असायचा. का, ते मी कधी विचारलं नाही. शेतात तर कोणीच बघत नव्हतं.

दहावी झाल्यावर तुम्ही मला सायकल घेऊन दिलीत. दुकानात तुम्ही रंग बघितला नाहीत, ब्रेक बघितले नाहीत, कॅरिअर धरून सगळी सायकल हलवलीत. दुकानदार म्हणाला, "काय ठेवायचंय एवढं?" तुम्ही म्हणालात, "डबाच. पण माणूस बसलं तरी वाकायला नको." मी कॉलेजात असताना तुम्ही गेलात. आबा त्याच्या आधीच गेले होते, त्यामुळे तसं पाहिलं तर शेवटची काही वर्षं तुम्हाला विचारणारं कोणी नव्हतं. तरी डबा सुटला नाही.

आता मी धुळ्यात नोकरीला आहे. वर्षभरापूर्वी आईलाही इकडे आणलं. सायकल तीच आहे, कॅरिअर वाकलेलं नाही, आणि हे तुम्हाला सांगायला हवं, डबाही तोच आहे. सकाळी मी पांझरेच्या काठच्या रस्त्याने फिरायला जाते. या दिवसांत नदीला पाणी असतं, बगळे असतात, काठाला बसून कपडे धुणाऱ्या बायका असतात. मी तुमच्याइतकीच हळू चालवते. निघताना खालच्या मजल्यावरच्या अक्का दारात रांगोळी घालत असतात. त्या धुळ्याच्याच, वयाने आईएवढ्या, आणि आबांची गादी त्यांच्याकडे आली असावी.

"दयन का?" त्या विचारतात, म्हणजे दळण का.

"ज्वारी आहे, अक्का."

"इतली सकायले गिरणी उघडी ऱ्हास?"

"नाही, बंद असते."

यातला एकही शब्द खोटा नाही. पण काही दिवसांनी अक्का आईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुनी पोर हुशार शे म्हनतस, पन रोज बंद गिरणीवर जास ती."

इतर लोक विचारत नाहीत, कारण इतर लोकांकडे आता कारणं आहेत. पायी फिरणाऱ्यांना साखर असते. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हटलं की कोणीही कितीही फिरावं. तुमच्या वेळेला एवढी सोय नव्हती. शिवाय रविवारी एक सायकलवाल्यांचा घोळका येतो. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, हेल्मेट, हँडलला पाण्याच्या बाटल्या. ते फक्त मजेसाठी येतात आणि कोणी त्यांना काही हरवलं का म्हणून विचारत नाही. एका रविवारी त्यांच्यातले एक डॉक्टर माझ्या बरोबरीने चालवू लागले. माझ्या वेगाने चालवताना त्यांची सायकल डुगडुगत होती. त्यांनी विचारलं, "मॅडम, मागे काय आहे?"

"ज्वारी."

त्यांनी डब्याचा आकार बघितला आणि गंभीर झाले. "म्हणजे वजन घेऊन चालवता. म्हणून वेग कमी ठेवलाय. बरोबर आहे. मांड्यांना चांगलं." मूठभरच आहे, हे मी सांगणार होते, पण त्यांनी ते विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेवढंच सांगावं. पुढच्या रविवारी त्यांच्या सायकलला मागे पाच किलोची गव्हाची पिशवी बांधलेली होती. त्यांच्या सायकलला कॅरिअर नसतं, त्यामुळे पिशवी चाकाला घासून फाटली होती आणि नदीकाठाने गव्हाची रेघ पडत चालली होती, मागून कबुतरं येत होती. त्यांना ते माहीत नव्हतं. मी घंटी वाजवत मागे गेले, पण माझा वेग तुम्हाला माहीत आहे.

ही गोष्ट मी घरी येऊन आईला सांगितली. आई इतकी हसली की तिला बसावं लागलं. गुडघ्यांमुळे ती बसताना नेहमी भिंत धरते. या वेळी डबा धरून बसली, मग डबा मांडीवर घेतला, झाकण काढलं आणि ज्वारी तळहातावर ओतून बघितली.

"बदलतेस का गं ही?"

"बदलते. नाहीतर पोरकिडे होतात."

"नानांच्या वेळी होत नव्हते," आई म्हणाली.

मी तिला तुमचं म्हणणं सांगितलं, जे मागच्या पत्रातही लिहिलंय. ही दुसरी दुरुस्ती. पाटाची मोकळी हवा लागते म्हणून डब्यातली ज्वारी वर्षानुवर्षं कीड न लागता राहते, असं तुम्ही म्हणायचात, आणि मोरीपाशी थांबल्यावर झाकण उघडून डब्याला हवा दाखवायचात. घरातलं सगळं धान्य असं फिरवून आणायला हवं, असंही एकदा म्हणाला होतात. आईने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मी बदलायचे. दर महिन्याला."

"तुला माहीत होतं?"

"घरातली ज्वारी मूठभर कमी झाली तर कोणाला कळेल, मला का तुझ्या आबांना?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार, बाई. तुम्ही दोघं एवढी तयारी करून निघायचात." तिने ज्वारी परत डब्यात सोडली. "एकदा वाटलं होतं, मी पण येते म्हणावं. पण मागे डबा असायचा."

तिने हे तक्रारीने म्हटलं नाही. बसला जागा नव्हती, असं सांगावं तसं म्हटलं आणि कुकर लावायला उठली. मी मात्र त्या दिवशी ऑफिसात एक पत्ता लिहिताना तीनदा चुकले. दांडीवर मी, मागे डबा. मूठभर ज्वारीला जागा होती. एवढ्या वर्षांत आई पाटावर एकदाही आली नाही, आणि फिरायला माणसाने कारण घेऊन जायचं असतं ही अक्कल तुम्ही मला शिकवलीत तेव्हा ती घरात बसून आपलं कारण निवडत-पाखडत होती. दुकानात माणूस बसेल असं कॅरिअर तुम्ही कोणासाठी बघितलंत, हे मला आता विचारायचं आहे. 'माणूस' म्हणताना तुमच्या मनात आई असेल, असं मला वाटतं. तशी खात्री नाही, म्हणून फक्त वाटतं असं लिहिते.

आईचे हाडांचे डॉक्टर म्हणतात, दिवाळीनंतर आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करू, आणि मग सायकलच्या मागे पाय लोंबकळत बसणं बंद. म्हणजे दिवाळीच्या आतच. मी काल तिला म्हणाले, "रविवारी नदीवर जाऊ. तू मागे बस."

"रविवारी सर्वपित्री अमावास्या आहे," आई म्हणाली. "नानांना आगारी टाकायची, विस्तवावर त्यांच्या नावाचा घास द्यायचा, खीर करायची. आणि अमावास्येला कोणी नवं काम काढतं का?"

"हे काम कुठे आहे?"

आई कणीक मळता मळता थांबली. आपल्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच मोठ्याने बोललं गेलं होतं.

"अक्का विचारेल, कुठे चालल्या."

"फिरायला."

"नुसतं?"

"नुसतं."

पोळ्या झाल्या, जेवणं झाली, ताटं विसळून झाली. मग ती म्हणाली, "डबा मी मांडीवर घेईन. वजन काही नसतं त्याचं." मी म्हणाले, डबा येणार नाही. ती म्हणाली, "बरं. बघू." तिच्या बघूचा अर्थ तुम्हाला माहीत आहे. म्हणून आज मी डबा घासून, उन्हात वाळवून वर माळ्यावर टाकला. तिथे तिचा हात पोहोचत नाही, आणि स्टूल मी ऑफिसात नेऊन ठेवणार आहे.

अक्कांना उद्या संध्याकाळीच सांगून टाकीन, म्हणजे रविवारी सकाळी रांगोळीपाशी थांबावं लागणार नाही. "आम्ही उगाच फिरायला चाललोय," एवढंच. आरशासमोर म्हणून बघितलं. पहिल्या वेळी ते प्रश्नासारखं आलं, दुसऱ्या वेळी माफी मागितल्यासारखं. उद्यापर्यंत जमेल. अक्का विचारतील, काही हारपनं का, तेव्हा काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही.

हे पत्र आधीच्या पत्रांबरोबर कपाटातच राहणार, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. माळ्यावर टाकण्याआधी डब्यातली ज्वारी मी काढून घेतली. ती ओढणीच्या टोकाला बांधून नेणार आहे. आईला सांगितलेलं नाही. कबुतरांसाठी आहे, असं म्हणता येईल, आणि मी खरंच थोडी टाकेन, म्हणजे तेही खोटं होणार नाही.

आगारी दुपारी आहे. खीर असेल, वडे असतील, तोवर आम्ही परत आलेलो असू. पण तुम्हाला सगळीकडे वेळेच्या आधी पोहोचायची सवय. परवा, रविवारी, सकाळीच आलात आणि दाराला कुलूप दिसलं, तर नदीच्या काठाने या. आम्ही फार पुढे गेलेलो नसू.